समुद्रबर्फ मॉडेलिंगमधील पोस्टडॉक: मुंबईहून आलेली विचारणा आणि दोन उत्तरे

प्रेषक: पवई, मुंबई

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मी स्वतः आपल्या युरोपातील मराठी मंडळाची सभासद नाही, पण माझी मावशी आहे आणि तिच्यामुळे मला मंडळाच्या या ईमेल यादीवर लिहिण्याची परवानगी मिळाली, त्याबद्दल कार्यकारिणीची आभारी आहे. बंगालच्या उपसागरात नद्यांचे गोडे पाणी कसे पसरते आणि त्याचा क्षारतेवर काय परिणाम होतो, या विषयावरील माझा प्रबंध नुकताच सादर झाला. गेल्या आठवड्यात आपल्यापैकी कोणीतरी उत्तर युरोपातील एका पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या) जागेची माहिती इथे दिली होती. मुदत दोन वर्षांची असून काम महासागर व समुद्रबर्फ यांच्या जोडलेल्या संगणकीय मॉडेलचे आहे. निमो हे महासागराचे मॉडेल आणि फोर्ट्रान ही संगणकभाषा या दोन्हींची मला सवय आहे. मात्र जाहिरातीत समुद्रबर्फाच्या अनुभवाला प्राधान्य दिले आहे, आणि माझे सारे काम अशा समुद्रावरचे आहे ज्याचे पाणी पंचवीस अंशांखाली क्वचितच जाते.

अशा स्थितीत अर्ज करणे योग्य ठरेल का, आणि केल्यास संशोधनाच्या निवेदनात नेमका कशावर भर द्यावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

——

प्रेषक: यादीवरील एक सभासद, मूळ गिरगाव

स. न. वि. वि.

अर्ज अवश्य करावा. मीही अरबी समुद्रातील अपवेलिंगवर (म्हणजे खोलवरचे थंड पाणी वर येण्यावर) पीएच.डी. करून नंतर समुद्रबर्फाकडे वळलो, त्यामुळे तुमची शंका मला परकी नाही. तुमचा विषय आर्क्टिकपासून फार दूरचा आहे, हे तुम्ही जे गृहीत धरले आहे ते मात्र मला मान्य नाही.

बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचे पाणी वरच्या वर पसरते, खालच्या खाऱ्या पाण्यात ते सहजी मिसळत नाही, आणि हिवाळ्यात वर थंड व खाली उबदार अशी उलटी रचना तिथे दिसते, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. आर्क्टिकमध्ये हेच काम ओब, येनिसेई आणि लेना या सायबेरियातील नद्या करतात. जगातील सर्व महासागरांच्या पाण्यापैकी जेमतेम १ टक्का पाणी आर्क्टिकमध्ये आहे, तरी जगभरातील नद्यांच्या पाण्यापैकी सुमारे १० टक्के पाणी त्याच्या वाट्याला येते. त्यामुळे वर थंड, कमी खारा थर असतो आणि त्याखाली, साधारण दोनशे मीटरच्या आसपासपासून, अटलांटिकमधून आलेले उबदार पाणी असते. हा वरचा थर कमकुवत होऊन खालची उष्णता वर पोचली, तर बर्फ तळातून वितळतो. म्हणजे मॉडेलमध्ये उभे मिश्रण (वरच्या व खालच्या पाण्याचे मिसळणे) थोडे जरी अधिक झाले, तरी बर्फाची जाडी चुकते. उपसागरात त्याच चुकीमुळे पृष्ठभागाचे तापमान चुकते, आणि या चुकीशी तुम्ही पीएच.डी.ची सगळी वर्षे झगडला असाल. शिवाय गोठणबिंदूजवळच्या पाण्यात एका अंशाच्या फरकाने घनतेत होणारा बदल उष्ण कटिबंधातील पाण्याच्या तुलनेत दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, म्हणून तिथे घनता जवळजवळ क्षारताच ठरवते. ज्यांनी क्षारतेवरच प्रबंध लिहिला आहे, त्यांनी आपल्याला आर्क्टिकचा अनुभव नाही एवढेच लिहून थांबणे हे स्वतःवर अन्याय करण्यासारखे आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. किनाऱ्यावरील अपवेलिंगसाठी आपण सगळे ज्या एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाचा आधार घेतो, त्याचा सिद्धांत मुळात समुद्रबर्फातूनच निघाला. १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाज बर्फात अडकवून घेऊन वाहत नेताना नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांच्या लक्षात आले की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे सरकतो. त्याचे गणित पुढे एकमनने मांडले.

खरोखर नवे शिकावे लागेल ते बर्फाचे यांत्रिक वर्तन. समुद्रबर्फ दाबला तर बराच विरोध करतो, ताणला तर चटकन फाटतो, आणि दाब मर्यादेपलीकडे गेला की तुकडे एकमेकांवर चढून बर्फाचे उंचवटे तयार होतात. हिब्लर यांनी १९७९ मध्ये यासाठी श्यान-प्लास्टिक सूत्रण दिले, म्हणजे कमी ताणाखाली घट्ट द्रवासारखा संथ सरकणारा आणि मर्यादेपलीकडे कायमचा आकार बदलणारा बर्फ मानला. १९९७ मध्ये हंकी व ड्युकोविझ यांनी त्यात लवचीकतेचे पद घातले, ते मुख्यतः संगणकावरची गणना सुटसुटीत व्हावी म्हणून. आजही बहुतेक हवामान मॉडेल याच घराण्यातली आहेत. पण ग्रिड (मॉडेलच्या गणनेची चौकटजाळी) काही किलोमीटरपर्यंत बारीक केला की बर्फातील भेगा नीट उमटतात का, यावर मतभेद आहेत, आणि नॉर्वेतील बर्गेनमध्ये विकसित झालेले नेक्स्टसिम हे मॉडेल त्याच कारणासाठी ठिसूळपणाच्या वेगळ्या कल्पनेवर उभे आहे. मुलाखतीत याबद्दल विचारतील, असे धरून चाला.

उष्णतेची बाजू त्यामानाने सोपी आहे. समुद्राचे पाणी साधारण उणे १.८ अंशांना गोठते, गोठताना बरेचसे मीठ बाहेर टाकते, आणि ते जड खारे पाणी खाली बुडते. बर्फावर साचलेला हिम उष्णतेला बर्फापेक्षा कितीतरी अधिक अडवतो, त्यामुळे लवकर व भरपूर हिम पडल्यास हिवाळ्यात बर्फ जाड होण्याचा वेग मंदावतो. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा स्वतः चालवून पाहा. सीआयसीई या समुद्रबर्फाच्या मॉडेलमधील बर्फाच्या एका उभ्या स्तंभाचे भौतिकशास्त्र ‘आइसपॅक’ या नावाने स्वतंत्र व मोफत उपलब्ध आहे आणि ते साध्या लॅपटॉपवर चालते. हिमाचे प्रमाण बदलून चार-पाच रन करा, जाडीत काय फरक पडला त्याची एक आकृती निवेदनात द्या, आणि खाली तीन वाक्यांत कारण लिहा. ध्रुवीय प्रदेशांविषयीच्या लहानपणापासूनच्या ओढीवर लिहिलेल्या परिच्छेदापेक्षा निवड समितीला त्या आकृतीचा अधिक उपयोग होईल.

निवेदनात २६ जुलै मात्र आणू नका. सांताक्रूझला २००५ मध्ये त्या दिवशी पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस मुंबईकराच्या मनातून जात नाही, हे खरे. पण आर्क्टिकचा बर्फ आणि आपला पाऊस यांच्या संबंधावर जे संशोधन चालू आहे ते मुख्यतः सांख्यिकी सहसंबंधांवर आधारलेले आहे, आणि महासागर मॉडेलच्या जागेसाठी तो धागा ताणणे मला उचित वाटत नाही. त्याऐवजी वेळ काढून गोव्याला वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात कोणाशी तरी बोलून या. आर्क्टिकमध्ये नॉर्वेच्या नी-ऑलेसुंद येथे २००८ पासून चालू असलेले भारताचे हिमाद्री हे संशोधन स्थानक हेच केंद्र पाहते, आणि मुंबईहून वास्को रेल्वेने एका रात्रीवर आहे.

——

प्रेषक: यादीवरील आणखी एक सभासद

नमस्कार. वरील पत्रात शास्त्राची बाजू आली आहेच, म्हणून मी पैशांच्या बाजूने दोन गोष्टी जोडते. नॉर्वे व जर्मनीत पोस्टडॉक ही साधारणपणे पगारी नोकरी असते; म्हणजे कर, निवृत्तिवेतन आणि रजा हे सारे त्यात येते, तेव्हा पगाराचा आकडा पाहताना करकपात लक्षात घ्यावी.

ही जागा न मिळाल्यास युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिपचा विचार करावा. पीएच.डी. झालेली असावी, त्यानंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नसावा, आणि अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ वास्तव्य किंवा काम झालेले नसावे, अशा अटी असतात. सुट्टीत मावशीकडे राहिलेले दिवस त्यात मोजले जात नाहीत. अंतिम तारीख बहुधा सप्टेंबरात असते, परंतु प्रस्ताव यजमान मार्गदर्शकाच्या सहकार्याने लिहावा लागतो आणि ऑगस्टमध्ये इथे युरोपात कार्यालये ओस असतात, म्हणून पहिले पत्र मे महिन्यापूर्वी गेलेले बरे. त्या पत्राचा मसुदा तपासून हवा असल्यास मला स्वतंत्रपणे पाठवावा, यादीवर नको.