मदत हवी आहे: अपघाताच्या दाव्यात साडेचार लाखांवर सही करावी का? लोकअदालत शनिवारी

मीरा_फलटण
मिस्टरांच्या गाडीला टेम्पोने मागून ठोकलं. केस कोर्टात आहे. विमा कंपनी तडजोडीत साडेचार लाख देते म्हणते, आमचे वकीलही घ्या म्हणतात. ही रक्कम काढतात कशी? शनिवारी सही करायची आहे, लवकर सांगा.

गणेश_के
वय, काम, महिन्याची कमाई, अपंगत्वाचा दाखला? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

मीरा_फलटण
वय 34. उजव्या गुडघ्याचं 30%. दवाखान्याचा खर्च 1,80,000.

आबा_सातारकर
ताई, घेऊन टाका. माझ्या मेहुण्याचा दावा सहा वर्षं चालला. तारखांनी माणूस संपतो.

गणेश_के
आबा, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. सही झाली की विषय संपला. ताई, ते काम काय करतात?

सह्याद्री_रायडर
हेल्मेट होतं का? आणि गाडीच्या विम्यात मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कव्हर असतं, ते आधी मागा.

जुना_कारकून
ते मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व किंवा हात-पाय-डोळा गेल्यास. इथे लागू नाही. आणि गुडघ्याच्या दाव्यात हेल्मेट कशाला?

मीरा_फलटण
फरशी बसवायचं काम करतात. आता उकिडवं बसता येत नाही, 11 महिने घरीच आहेत. महिना अठरा हजार सुटायचे. पगारपत्रक नाही, ठेकेदार बँकेत पैसे टाकायचा.

जुना_कारकून
हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं! दाव्यांच्या फायली मी वर्षानुवर्षं हाताळल्या आहेत. कंपनीने बहुधा असं धरलंय: कमाई 12,000, पायाचे 30% म्हणजे पूर्ण शरीराचे 10%. वर्षाचे 1,44,000, गुणक (वयावरून ठरणारा आकडा, ज्याने वर्षाची कमाई गुणतात) 16, त्याचे 10% म्हणजे 2,30,400. त्यात बिलं आणि वेदनेचे चाळीसेक हजार. झाले साडेचार.

आता तुमच्या बाजूने. 31 ते 35 वयाला गुणक 16, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालापासून (2009) ठरलेलं आहे. स्वतःच्या धंद्यातल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे 40% मिळतात (त्याच कोर्टाचा प्रणय सेठी निकाल, 2017). म्हणजे 18,000 × 12 = 2,16,000, वाढीसह 3,02,400, गुणिले 16 = 48,38,400. याचे 30% धरले तरी 14,51,520. बिलं, बुडालेली मजुरी, पुढचं ऑपरेशन, वेदना हे सगळं वेगळं.

आणि फक्त 30% का धरायचे? त्याच कोर्टाचा राज कुमार निकाल (2010) सांगतो, दाखल्यातला टक्का बघू नका, कमाईची ताकद किती गेली ते बघा. डावा हात गेलेला कारकून नोकरी करू शकतो, सुताराचं काम मात्र बंद पडतं. फरशीवाल्याला गुडघा तसाच.

आबा_सातारकर
कागदावर चौदा, हातात कधी? घरभाडं कोण भरणार तोवर?

जुना_कारकून
व्याज चालू असतं, आबा. आणि तडजोड करू नका असं म्हणत नाहीये मी, आकडा मान्य करू नका म्हणतोय. डॉक्टरांची साक्ष झाली का?

मीरा_फलटण
नाही. वकील म्हणाले दाखला पुरे.

जुना_कारकून
साक्षीत डॉक्टरांना एकच विचारायला लावा: हा माणूस पुन्हा फरशी बसवू शकेल का? बँकेचा उतारा आणि ठेकेदाराची साक्षही लावा. शनिवारी सही नको.

मीरा_फलटण
वकिलांना आत्ताच फोन केला. कमाई 12,000 कुठून आली विचारलं, तर म्हणाले कंपनीनेच धरली. उद्या बँकेत उतारा काढायला जाते. ठेकेदार साक्षीला यायला तयार नसेल तर काय करायचं?

गणेश_के
कोर्टाकडून समन्स काढता येतं. वकिलांना तसा अर्ज द्यायला सांगा.