डुकराची किडनी: एवढे जीन बदलूनही रिजेक्शन का होतं?

मिरजकर:
धाकट्या भावाचं डायलिसिस चालू आहे. आईचा रक्तगट जुळत नाही, मला शुगर. त्यामुळे डुकराच्या किडनीची बातमी आली की घरच्या ग्रुपवर पडतेच. बोस्टनला मार्च 2024 मध्ये रिक स्लेमन यांना बसवलेल्या किडनीत 69 जीन बदल होते, तरी आठव्या दिवशी रिजेक्शन, म्हणजे शरीराने अवयव परका म्हणून नाकारणं! मग एवढं बदलून मिळवलं काय? आणि किडनी रक्त गाळते, तर जिथे वाचावं तिथे 'एंडोथेलियम'च का?

स्लाइडवाली:
मी पॅथॉलॉजिस्ट. बायोप्सी बघते त्या माणसांच्याच.

69 च्या आकड्याने दबून जाऊ नका. त्यातले 59 बदल डुकराच्या डीएनएत दडलेले विषाणू निकामी करायला. रिजेक्शनसाठी उरले दहा: तीन साखरा काढल्या, सात मानवी जीन घातले. अल्फा-गॅल या साखरेविरुद्ध आपल्या रक्तात अँटिबॉडी आधीपासूनच असतात, त्यामुळे पूर्वी अवयव काही मिनिटांत, फार तर काही तासांत काळानिळा पडायचा. तो तडाखा आता टळतो.

ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनीवरचा चिमटा (क्लॅम्प) काढला की पेशंटचं रक्त सगळ्यात आधी लागतं ते एंडोथेलियमला, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या एका पेशीच्या जाडीच्या अस्तराला. ते डुकराचंच. एरवी पांढऱ्या पेशी त्यावरून घरंगळत निघून जातात. अस्तर चिडलं की त्यांना धरून ठेवणारे रेणू पृष्ठभागावर येतात. मग स्लाइडवर केशिका, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, फुगलेल्या दिसतात, आत मोनोसाइट या पांढऱ्या पेशी दाटीवाटीने बसलेल्या. न्यूयॉर्कला 2021 मध्ये ब्रेनडेड व्यक्तींना 54 तास जोडलेल्या डुकराच्या किडन्यांतही ग्लोमेरुलसच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या गुच्छांच्या, केशिकांत मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल, एनके या हल्ला करणाऱ्या पेशी सापडल्या. आणि किडन्या तर व्यवस्थित लघवी करत होत्या!

'मला खाऊ नको' सांगणारं डुकराचं सीडी47 हे प्रथिन आपल्या मॅक्रोफेजना, म्हणजे गिळणाऱ्या पेशींना, नीट कळत नाही, म्हणून मानवी सीडी47 घालतात. एनके पेशींनाही डुकराची ओळखखूण पटत नाही. आपली नेहमीची औषधं मुख्यतः टी पेशींना, म्हणजे वेगळ्याच प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, आवरतात. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे.

स्लेमन यांचं रिजेक्शन मात्र टी पेशींचंच होतं, ग्रेड 2ए, म्हणजे धमनीच्या अस्तराखाली लिम्फोसाइट (टी पेशी याच गटातल्या) शिरलेले. औषधांनी ते मिटलं. मे महिन्यात ते गेले ते हृदयाच्या आजाराने. शवविच्छेदनात किडनीत रिजेक्शन दिसलं नाही.

गोठ्यातला डॉक्टर:
ताई, गुठळ्यांचं राहिलं. डुकराच्या अस्तरावरचं थ्रॉम्बोमोड्युलिन हे प्रथिन माणसाचं थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं) पकडतं, पण पुढे प्रोटीन सी (गोठणं आवरणारं) पुरेसं जागं करत नाही. म्हणजे गोठणं सुरू होतं आणि ब्रेक लागत नाही. म्हणून तोही जीन मानवी घालतात. आसामात 1997 साली डॉ. धनीराम बरुआंनी डुकराचं हृदय बसवलं, तेव्हा यातलं एकही जनुक बदललेलं डुक्कर त्यांच्या हाताशी नव्हतं. पेशंट आठवडाभरात गेला आणि डॉक्टर तुरुंगात.

मिरजकर:
आता जरा उजेड पडला. म्हणजे आमच्यासाठी सध्या यात काही नाही?

स्लाइडवाली:
डुकरात सध्या नाही. पण आईंना का बाद केलंत? रक्तगट म्हणजेही अस्तरावरच्या साखराच. भावाच्या रक्तातल्या त्याविरुद्धच्या अँटिबॉडी प्लाझ्मा एक्सचेंज (रक्तातला द्रव भाग बदलणं) आणि रिटुक्सिमॅब या औषधाने खाली आणून न जुळणाऱ्या गटाची किडनी बसवतात, आपल्याकडेही. नेफ्रॉलॉजिस्टना अँटिबॉडी टायटर, म्हणजे त्यांचं प्रमाण मोजणारी तपासणी, करायला सांगा. स्वॅपच्या, म्हणजे दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करायच्या, यादीत नाव घालायचंही विचारा. खर्च वाढतो, इन्फेक्शनची भीतीही जास्त, तेही त्यांच्याकडून नीट समजून घ्या.