पश्चिम महाराष्ट्र सधन म्हणता, मग जत-आटपाडी कुठल्या महाराष्ट्रात मोजायचं?

माणगंगाकाठ :
परवा सांगलीत एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी लातूरकडचे पाहुणे होते, चांगले बोलत होते आणि मधेच म्हणाले, तुम्हाला काय कमी हो, पश्चिम महाराष्ट्रवाले तुम्ही, कारखाने तुमचे, धरणं तुमची, मंत्री तुमचे. मी सांगलीच्याच आटपाडी तालुक्यातला. आमच्या आईचं अर्धं आयुष्य टँकरमागं घागर घेऊन पळण्यात गेलंय आणि मी सधन भागातला! तिथं वाद घातला नाही, कार्य होतं, पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

शाळेत आपल्याला पाच विभाग पाठ करायला लावले. कोकण म्हणजे भात, आंबा, मासे. पश्चिम महाराष्ट्र म्हणजे ऊस आणि दूध. खानदेश म्हणजे केळी आणि कापूस, मराठवाडा म्हणजे दुष्काळ, विदर्भ म्हणजे कापूस, संत्री, कोळसा. ती चौकट मोठेपणीही सुटत नाही. पण पाऊस काय विभाग बघून पडतो का? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तिथनं सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत दहिवडी, तिथं पाचशेच्या आतबाहेर, आणि दोन्ही सातारा जिल्ह्यातच. सांगलीत पण तेच, शिराळ्याला भाताची खाचरं, वाळव्याला ऊस, तासगावला द्राक्ष आणि बेदाणा, आणि जतला गेलं की बाजरी, माळ आणि मेंढरं. एका जिल्ह्यात चार अर्थव्यवस्था आहेत राव.

आमच्या भागाचं पोट शेतीवर कधी भरलंच नाही. खानापूर-आटपाडीची पोरं गलाईच्या धंद्यात गेली, देशात कुठल्याबी शहराच्या सराफकट्ट्यावर जावा, सोनंचांदी गाळणारा विटा भागातलाच भेटेल. साताऱ्याच्या माण-खटावची माणसं मुंबईत माथाडी झाली. धनगर समाज मेंढरं घेऊन निम्मं वर्ष घराबाहेर.

आता मुद्दा. १९८४ ला दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे विकासात कोण किती मागं राहिलंय ते, मोजलं ते जिल्हा धरून. सांगली जिल्ह्याची सरासरी काढली की वाळव्याचं पाणी जतच्या कागदावर पडतं, शेतात पडत नाही. नंतर १९९४ ला विकास मंडळं झाली, विदर्भ, मराठवाडा आणि तिसरं आमचं, त्याचं नाव काय तर उर्वरित महाराष्ट्र. म्हणजे जतचा दुष्काळी शेतकरी, पुण्याची एमआयडीसी आणि अख्खी मुंबई एका पोत्यात. माझं म्हणणं, विभाग, जिल्हा सोडा आणि तालुका मोजा. आणि कोयनेचं जे साडेसदुसष्ट टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वीज करून पश्चिमेला समुद्रात जातं ते हळूहळू पूर्वेला वळवा.

वाळवेकर :
दादा, तुमचं दुःख खरं आहे पण निदान चुकतंय. आमच्याकडचा ऊस कुणी ताटात वाढून दिला नाही. आमच्या आज्जानं शेअरचे पैसे भरायला बैल विकला होता, कारखाना नंतर उभा राहिला. आणि नदीकाठचं सुख म्हणता तर २००५ आणि २०१९ ला येऊन बघायला पाहिजे होतं, आठ-आठ दिवस ऊस पाण्याखाली, शेंडा कुजला की संपलं, घरातली जनावरं दावं तोडून सोडून द्यायला लागली.

दुसरं म्हणजे कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाला देणाऱ्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजना आल्या कशामुळं ते बघा. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं आणि फेरविचार मे २००० नंतर, तोवर पाणी अडवायला पाहिजे म्हणून १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ काढलं, कर्जरोखे काढले आणि कामं सुरू झाली. अख्खं खोरं एका आवाजात बोललं म्हणून ते झालं. तालुका तालुका सुटा मोजायला लागलात तर जतचा आवाज मुंबईपर्यंत पोचणार आहे का? आज वाळवा, कराड, जत एका गाडीत आहेत म्हणून जतला ओढून नेता येतंय.

माणगंगाकाठ :
एका गाडीत आहोत खरं, पण आमची टायरी कायम मागची. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला आणि एकदम सगळ्यांना जत आठवलं. त्या गावांनी पूर्वी कर्नाटकात जातो म्हणून ठराव केले होते ते कन्नडच्या प्रेमापोटी न्हवे, पाण्यापोटी. म्हैसाळचं पाणी आपल्याच जिल्ह्यात, मिरज तालुक्यात उचललं जातं आणि जतच्या पूर्व भागाला ते कायम शेवटी. खोरं एका आवाजात बोलत होतं तर तो आवाज शेवटच्या गावापर्यंत का पोचला नाही, एवढंच सांगा. बैलाचं वाचून मात्र गलबललं, आमच्याकडं पण चारा नाही म्हणून खिलार जोड्या बाजारात निम्म्या किमतीला गेलेल्या बघितल्यात.

मांजराकाठ :
मी लातूरचा, पंगतीतला पाहुणा मी नाही पण तेच बोललो असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आम्हाला पाणी आलं, ते आम्ही विसरलो नाही, सांगली-मिरजकरांचे उपकार आहेत. पण त्याच गोष्टीचा अर्थ लावून बघा की. तुमच्या दुष्काळापासून शंभरेक किलोमीटरच्या आत बारमाही कृष्णा वाहायली, पाईप टाकला, पंप बसवला की प्रश्न सुटायची शक्यता तरी हाय. आमच्याकडं पाणी उचलायचं तर कुठून? १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, तुमच्याकडं इंग्रजांच्या काळातले कालवे आणि नंतर सहकार, आमची सुरुवातच मागून झाली. बीडची माणसं कोयता घेऊन दरवर्षी तुमच्या फडात येतात, तुमच्याकडची कुणी आमच्याकडं येतात का ऊस तोडायला? यातच विभाग म्हणजे काय ते समजतं.

तालुका एकक करायचं ऐकायला बरं वाटायलं, पण मग आटपाडी, माण, जत, सांगोला आमच्या रांगेत येऊन उभे राहतील आणि ज्याचा नेता वजनदार त्याची फाईल वर. अनुशेष हे एकच आमच्या हातातलं हत्यार हाय, ते बोथट करू नका.

माणगंगाकाठ :
तुमचं पहिलं म्हणणं मान्य, उगम नसणं आणि उगम असून न मिळणं यात फरक आहे आणि तुमची अडचण मोठी आहे. पण रांगेचं पटत नाही. आज रांगेत कोण आहे? मराठवाड्यात सुद्धा मांजरा काठाला ऊस आणि साखर कारखाने, आणि आष्टी-पाटोद्याला काय? तुमच्याही अनुशेषाचा पैसा काठालाच जास्त गेला असेल तर आष्टीचा माणूस आणि जतचा माणूस एकमेकांचे दुश्मन कसे, ते तर एकाच पर्जन्यछायेतले सख्खे भाऊ.

वाशिष्ठी :
चिपळूणहून लिहितेय. सरासरीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आम्ही आहोत. कोकण विभाग म्हटलं की त्यात मुंबई आणि ठाणे पण येतं, त्यामुळे कागदावर कोकण श्रीमंत. ७२० किलोमीटर किनारा, हापूस, काजू, मासळी सगळं आहे, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातली गावं बघा, घरात म्हातारी माणसं आणि गणपतीला येणारे चाकरमानी. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याही वाड्यांत टँकर फिरतो, कारण कातळ, जांभा आणि नद्या इतक्या आखूड की सकाळी पडलेला पाऊस संध्याकाळी खाडीत.

पण कोयनेचं पाणी "समुद्रात जातं" हे वाक्य इतकं सहज लिहू नका हो. ते पाणी पोफळीच्या वीजघरात येतं, कोळकेवाडी धरणात अडतं, पुन्हा वीज होते आणि मग वाशिष्ठीत. आमची नदी उन्हाळ्यात वाहते ती त्याच पाण्यावर, आजूबाजूच्या गावांच्या नळपाणी योजना त्यावर, लोट्याचे कारखाने त्यावर. ते बंद केलंत तर उन्हाळ्यात चिपळूणला नदी उरणार नाही. आणि २२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेत पहिला मजला बुडाला होता, म्हणजे पाण्याचं सुख आणि भीती दोन्ही आम्ही बघतो. आणखी एक विचार करा, पश्चिमेला ते पाणी साडेचारशे मीटरहून जास्त खाली पडतं म्हणून वीज देतं. पूर्वेला न्यायचं तर तेच पाणी वर चढवायला वीज लागणार. म्हणजे दोन्हीकडून तोटा.

वाळवेकर :
ताई बरोबर बोलल्या. टेंभूचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढतं आणि वीजबिल इतकं येतं की ८१ टक्के सरकार भरतं आणि १९ टक्के शेतकरी, तेही बऱ्याच ठिकाणी ऊसबिलातनं कापून घेतात. आणि हेच बघा, पाणी पोचलं की कडेगाव-खानापूरला पहिलं काय लावलं? ऊसच. मग आम्हा नदीकाठच्यांचा ऊस पाणी पितो म्हणून बोलायचं आणि माळावर उचलून नेलेल्या पाण्यावर तुम्ही पण तेच करायचं.

माणगंगाकाठ :
ह्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही, आमच्याकडच्या लोकांनी चूक केली हे मान्य करतो. पण सगळ्यांनी केली नाही. आटपाडीत १९९३ पासून पाणी परिषद भरते, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर ही पाणी चळवळीतली मंडळी पहिल्यापासून एकच सांगत आली, पाणी समान वाटा. आता आमच्याकडं बंद पाईपातून तसं वाटायचं चाललंय. त्याच्या आधी खानापूर तालुक्यात लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण स्वतः उभं केलं आणि पाणी सगळ्यांना सारखं द्यायचं ठरवलं, जमीन नाही त्याला सुद्धा. आमच्या शेतात आज डाळिंब आहे, ठिबकवर आहे, ऊस नाही. वाशिष्ठीताई, कोयनेचं मी तावातावानं लिहिलं, तुमच्या नदीचा विचार केला नव्हता. तरी दुष्काळी वर्षात तरी विजेसाठी किती सोडायचं आणि पूर्वेला किती, हे दरवेळी धरणाच्या पायथ्याशी आंदोलन करून ठरायला नको.

कोयनाखोरं :
सगळं वाचलं. पाटण तालुक्यातली आहे मी, आजोबांचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं. चिपळूणला वीज आणि नदी मिळाली, आटपाडीला अजून पाणी पाहिजे, आणि हे पाणी साठवायला जी माणसं उठवली त्यांचं नाव एवढ्या लांबलचक चर्चेत एकदाही आलं नाही म्हणून लिहावंसं वाटलं. आमचे लोक ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली असे पांगले. डिसेंबर १९६७ च्या भूकंपात राहिलेल्यांची घरं पडली. १९६० मेगावॅटचा प्रकल्प म्हणून अभिमानानं सांगतात, आमच्या काही वाड्यांना वीज कधी आली ते म्हाताऱ्यांना विचारा.

दादा, तुमचा तालुका मोजायचा हट्ट मला अपुरा वाटतो. पाटण तालुक्यातच खाली नदीकाठाला ऊस आहे आणि वर डोंगरात वाड्यांवर बायका उन्हाळ्यात झऱ्यावर नंबर लावून बसतात, खाली अख्खं धरण दिसत असताना. तालुक्याची सरासरी काढली तर आम्ही पुन्हा गायब. मोजायचंच असेल तर गाव मोजा, आणि ते नदीपासून किती उंचावर आहे ते मोजा.

मांजराकाठ :
ताईंचं पटलं. उंचीचं आमच्याकडंही तसंच हाय, बालाघाटाच्या वरची गावं आणि खालची गावं यात जमीन-अस्मानाचा फरक. तरी विभागाचा अनुशेष सोडा म्हणलात तर मी नाहीच म्हणणार, दोन्ही मोजा, आधी विभाग आणि मग त्याच्या आत गाव. बाकी आटपाडीवाले दादा, ते बंद पाईपातून समान पाणी वाटायचं जे चाललंय ते नक्की कसं करायलेत? मीटर कुठं बसवतात, पाळी कोण ठरवतं, शेवटच्या शेतकऱ्याला दाब पुरतो का? आमच्याकडं काठाच्या लोकांना दाखवायला पाहिजे.

माणगंगाकाठ :
शनिवारी गावी चाललोय. पाणी वापर संस्थेत आमचे चुलते आहेत, त्यांना विचारून, व्हॉल्व्हचे फोटो काढून टाकतो. दाब शेवटाला कमी पडतो हे आत्ताच सांगतो, त्यावरनंच गावात भांडणं आहेत.