टर्नओव्हर किती, यापेक्षा कधी आणि कुठे

अमेरिकन फुटबॉलमध्ये "ज्याचे टर्नओव्हर (चेंडूचा ताबा प्रतिस्पर्ध्याकडे जाणं) कमी, तोच संघ जिंकतो" असं म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा खरं ठरतं. पण फेब्रुवारी २०१७ चा सुपर बोल, म्हणजे तिथल्या NFL लीगचा अंतिम सामना बघा: पेट्रियट्स विरुद्ध फाल्कन्स. पेट्रियट्सनी चेंडू दोनदा गमावला, त्यातल्या एका इंटरसेप्शनवर (प्रतिस्पर्ध्याने मध्येच पकडलेल्या पासवर) तर फाल्कन्सनी चेंडू थेट गोलरेषेपार नेऊन टचडाउन केला. फाल्कन्सनी एकदाच गमावला. तरी ३-२८ अशा पिछाडीवरून पेट्रियट्स ३४-२८ जिंकले!

फाल्कन्सचा तो एक टर्नओव्हर नीट बघा. शेवटच्या क्वार्टरची साडेआठ मिनिटं उरलेली, २८-१२ अशी आघाडी, ताबा टिकवायला एकच यार्ड पुढे जायचं होतं. तिथे त्यांनी पासचा डाव टाकला आणि पेट्रियट्सच्या हाइटॉवरने फाल्कन्सचा पास टाकणारा खेळाडू मॅट रायन याच्या हातातला चेंडू उडवला. पेट्रियट्सना फाल्कन्सच्या गोलरेषेपासून पंचवीस यार्डांवर ताबा मिळाला, थोड्याच वेळात २८-२०. टर्नओव्हरच्या तक्त्यात त्याची नोंद फक्त '१'. मला तर पेट्रियट्सचे ९३ विरुद्ध फाल्कन्सचे ४६ हा प्लेंचा (चेंडू घेऊन खेळलेल्या डावांचा) आकडा जास्त बोलका वाटतो. फाल्कन्सचा बचाव पार थकला होता.

शिवाय पिछाडीवरचा संघ घाईने धोक्याचे पास टाकतो आणि इंटरसेप्शन देऊन बसतो. म्हणजे कित्येकदा आधी सामना हातचा जातो, टर्नओव्हर मागून येतात.