मदत हवी आहे : कणकवलीहून कोल्हापूर, सप्टेंबरमध्ये कोणता घाट?

गौरी-गणपती विसर्जनानंतर राजापूरजवळच्या गावाहून आम्ही सोळा जण निघणार. वाटेत कणकवलीला आत्याकडे मुक्काम, मग कोल्हापूरला मामाकडे आणि तिथून पुणे. सतरा सीटची ट्रॅव्हलर ठरली आहे. चालक पुण्याचे आहेत, सावकाश चालवतात, पण हे घाट त्यांच्या सवयीचे नाहीत.

राजापूरहून अणुस्कुऱ्याने थेट चढता येतं, पण मग आत्याचं घर राहतं, आणि ते टाळायचं नाही. आंबोलीचा वळसा फार पडतो. रेल्वे सुचवू नका. कोकण रेल्वे कोल्हापूरला जात नाही.

म्हणजे उरले दोन: फोंडा घाटाने दाजीपूर-राधानगरी, किंवा वैभववाडीवरून करूळ घाटाने गगनबावडा. आत्याकडचे फोंडाच म्हणतात. मामा म्हणतात करूळ, काँक्रीट झाल्यापासून रस्ता चांगला आहे. पण पावसात तिथे दरड येते, ही भीती आहे. गुगल मॅप कधी हा दाखवतो, कधी तो.

अडचण अशी की आजीचे गुडघे धरलेत, तिला कमोड लागतोच. लहानांपैकी दोघांना वळणांवर हमखास उलटी होते; गोळी देतो, तरी सलग वळणं सोसत नाहीत. अंधारात किंवा दाट धुक्यात घाट चढायचा नाही.

गेल्या पावसाळ्यात मोठी गाडी घेऊन यापैकी कुठून गेला असाल तर सांगा: कोणता घाट धरू, कणकवलीहून किती वाजता निघू, आणि वाटेत कमोड असलेलं स्वच्छ हॉटेल नेमकं कुठे मिळेल?