भांडी कोण घासतं, हा आंदोलनाचाच प्रश्न आहे

(पर्यावरण कार्यकर्त्यांची लेखी चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रानजाई

एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचं टिपण दोन दिवस सगळीकडे फिरतंय. थोडक्यात म्हणणं असं: आजचे पर्यावरणवाले गट स्वयंपाकाच्या पाळ्या, बैठकीचे नियम आणि 'कोण थकलंय' यातच अडकलेत. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आम्ही फक्त लढलो.

वाचून संताप आला. तुम्ही फक्त लढू शकलात, कारण बाकीचं कोणीतरी निमूटपणे करत होतं. मांडवात पाणी कोण भरत होतं? अटक झाल्यावर घराघरांत निरोप कोण देत होतं? जामिनाचे कागद घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर कोण ताटकळत होतं? त्यांची नावं तुमच्या भाषणात कधी आली नाहीत, म्हणून तुम्हाला वाटतं की 'असलं काही नव्हतंच'.

कॅलिफोर्नियात जंगलतोड थांबवायला ज्युलिया बटरफ्लाय हिल डिसेंबर १९९७मध्ये रेडवूडच्या एका जुन्या, उंच झाडावर चढली आणि ७३८ दिवसांनी उतरली. तिचं नाव जगाला माहीत आहे. पण खालून डोंगर चढून येणारी, दोरीला सामान बांधून वर पाठवणारी माणसं नसती तर ती किती दिवस टिकली असती?

आमच्या ठिय्यात पहिल्या आठवड्यात स्वयंपाक चौघींनीच केला. पुरुष मंडळी धोरण ठरवत होती. आम्ही पाळ्यांचा तक्ता लावला तेव्हा 'आता हे कसलं राजकारण' असं ऐकावं लागलं. तक्ता लागल्यावर त्याच चौघी बैठकीत बसायला लागल्या, आणि मुकादमाशी बोलून काम कधी सुरू होणार याची पक्की बातमी त्यांच्यापैकीच एकीने आणली. म्हणून मी पाळीला फालतू म्हणू देणार नाही.

दगडवाट

टिपण माझं नाही, पण त्यातला शब्दन् शब्द मला पटतो. ताई, तुम्ही एक बाजू सांगितलीत, मी दुसरी सांगतो.

तळ्यात भराव पडणार अशी खबर होती. रात्री बैठक बसली. आधी कोण किती बोलणार यावर चर्चा, मग मागच्या बैठकीत कोणाचं मन दुखावलं यावर. सहमतीशिवाय निर्णय नाही असा नियम, आणि एकाची सहमती काही केल्या होईना. मध्यरात्र उलटली तरी ठराव नाही. पहाटे डंपर आले तेव्हा अडवायला आम्ही मोजकेच होतो, बाकीचे झोपायला गेले होते. ते तळं आज मैदान आहे. मला तुमचे तक्ते दाखवू नका.

आणि चिपको आंदोलनातल्या, उत्तराखंडच्या रैणी गावाचं काय? २६ मार्च १९७४. पुरुषांना नुकसानभरपाईच्या नावाखाली चमोलीला बोलावलं होतं, मागून ठेकेदाराची माणसं जंगलात शिरली. गौरा देवी गावातल्या बायकांना घेऊन थेट झाडांपाशी गेल्या. त्यांनी आधी सहमतीची बैठक घेतली होती का?

रानजाई

रैणीचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. त्या बायका हाक मारताच निघाल्या, कारण रोज एकत्र लाकूडफाटा आणणाऱ्या, एकमेकींच्या घरात जाणाऱ्या त्या बायका होत्या. महिला मंगल दल, म्हणजे गावातल्या बायकांचं मंडळ, आधीपासून होतं. तो विश्वास रोजच्या जगण्यातून आलेला असतो, ऐन वेळी कुठून पैदा होत नाही. रात्रभर त्या पहारा देत बसल्या, तेही पाळीने बसल्याशिवाय जमत नाही.

तळ्याचं वाईट वाटलं, खरंच. पण तो दोष सहमतीच्या नियमाचा. त्याची शिक्षा भांड्यांच्या तक्त्याला का?

कागदपत्र

दोघांनाही विचारतो: प्रकल्पाला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीचं पत्र कोणी वाचलं होतं? माझं वर्षानुवर्षांचं दुखणं आहे हे. घोषणा द्यायला गर्दी असते, पण पर्यावरण परिणाम अहवालाचं जाडजूड बाड उघडायला कोणी नसतं. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित न्यायाधिकरणात मंजुरीविरुद्ध अपील करायची मुदत ३० दिवस आहे, सबळ कारण असेल तर वर फार तर ६० दिवस. त्यानंतर दार बंद. आमच्या गटात एकदा मंजुरी आल्याचं कळलं तेव्हा मुदत संपत आली होती, आणि तेव्हा बैठकीचा विषय होता फलक कापडी असावा की कागदी.

ओडिशातला नियमगिरी डोंगर बघा, तिथे खाण होणार होती. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारा म्हणून सांगितलं, आणि १२च्या १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. डोंगरावरची माणसं ठाम होती हे खरंच, पण वनहक्काचा मुद्दा न्यायालयात नीट मांडला गेला नसता तर त्यांना विचारलं कोणी असतं? आपल्याकडे मात्र कागद बघणाऱ्याला 'खुर्चीतला कार्यकर्ता' म्हणतात. अपमान आहे हा.

वर्गणीवही

कागदपत्र साहेब, कागद वाचायला माणूस का मिळत नाही? दिवसा त्याला पोट भरायचं असतं म्हणून. इथे सगळे पाळ्या आणि बैठकांवर बोलतायत, पैशावर कोणीच बोलत नाही.

मी आमच्या गटाची वर्गणी सांभाळते. ज्यांच्या घरी दुसरं कोणी कमावतं आहे तेच पूर्णवेळ टिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मोलमजुरी करणारी बाई ठिय्याला बसली की तिचा रोज बुडतो. मग हळूहळू गट पेन्शनवाल्यांचा आणि विद्यार्थ्यांचा होतो, आणि आपण म्हणतो 'लोक येत नाहीत'. पूर्णवेळ काम करणाऱ्याला मानधन द्या. उघड द्या, बैठकीत ठरवून द्या.

दगडवाट

झालं! मानधन आलं की देणगीदार आला, देणगीदार आला की अहवाल आला, आणि अहवाल आला की आंदोलनाचा 'प्रकल्प' झाला. चांगला, भांडखोर गट होता आमच्याकडे. निधी मिळायला लागल्यावर दोन पावसाळ्यांत त्यांनी ठिय्ये सोडले आणि कार्यशाळा धरल्या. ज्या कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध ते उभे राहिले, त्याच्याच वृक्षारोपणाला पाहुणे म्हणून गेले. पैशाने माणूस विकत घ्यावा लागत नाही, नुसती सवय लावली तरी पुरते.

वर्गणीवही

देणगीदाराचं नाव मी काढलंच नाही. मी वर्गणीतून म्हणतेय. आणि पैसा दिला की निष्ठा संपते हे मला मान्यच नाही. केनियात वांगारी मथाईंनी १९७७मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. रोपं वाढवणाऱ्या बायकांना प्रत्येक जगलेल्या रोपामागे थोडे पैसे मिळत. लावलेल्या नव्हे, जगलेल्या. त्याच चळवळीने १९८९मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमधल्या गगनचुंबी इमारतीला विरोध केला, थेट सत्ताधाऱ्यांशी भांडून, आणि ती इमारत झाली नाही. बायका विकल्या गेल्या का?

फुकट काम करा असं सांगणं सोपं असतं ज्यांचा किराणा दुसरं कोणी भरतं.

दगडवाट

वैयक्तिक बोलू नका. माझा किराणा कोण भरतं ते तुम्हाला माहीत नाही. नोकरी सोडून या कामात आलो, घरच्यांनी काय सोसलं ते मी इथे मांडणार नाही.

वर्गणीवही

घरच्यांनी सोसलं, हेच म्हणतेय मी. त्यांना विचारून सोसायला लावलं होतं का?

दगडवाट

ठीक. घरच्यांचा मुद्दा टाळता येणार नाही, इतकं मानतो. पण पैसा आणि गाडी घेऊन येणाऱ्यापासून सावध राहा, हे माझं म्हणणं कायम आहे. इंग्लंडमध्ये मार्क केनेडी नावाचा पोलिस 'मार्क स्टोन' बनून २००३पासून सात वर्षं पर्यावरण कार्यकर्त्यांमध्ये राहिला. गाडी त्याची, हाताशी पैसा त्याच्या, कुठल्याही कामाला तयार. अशा उपयोगी माणसावर कोण संशय घेणार?

पाऊलवाट

मी इथे कधी लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. गटात नवीन आले तेव्हा माझ्याकडे भावाची गाडी होती. सामान पोचवणं, म्हाताऱ्यांना जनसुनावणीला नेणं, सगळं मी करायचे. एक दिवस कळलं की 'ही इतकी उत्साही का' अशी चर्चा माझ्या पाठीमागे चालू आहे. महत्त्वाच्या बैठकांचे निरोप यायचे थांबले. कोणी तोंडावर विचारलं नाही, नाहीतर मी सगळं सांगितलं असतं. मग आजारी पडले, तेव्हा गाडी कधी मिळेल एवढं विचारायला फोन आला. मी सोडलं.

केनेडी पकडला गेला म्हणून गाडी चालवणारं प्रत्येक माणूस पोलिस होत नाही. शिवाय त्याने सर्वांत खोल जखम केली ती प्रेमाच्या नाटकाने फसवलेल्या बायकांना. धडा घ्यायचा तर त्यांचं काय झालं ते आधी ऐका.

कागदपत्र

पाऊलवाट यांचं बरोबर आहे. गुप्त ठेवण्यासारखं आपल्याकडे असतं तरी काय? आपली हरकत, आपलं अपील, आपली वर्गणी, सगळं उघड ठेवलं तर हेराला नेण्यासारखं काही उरत नाही.

दगडवाट

सगळं उघड ठेवता येत नाही. पंचनाम्याआधी कुठे जमायचं हे उघड केलं की दुसऱ्या बाजूची माणसं आधी पोचतात, मी पाहिलंय. पण पाऊलवाट, तुमच्याशी वागले ते चुकीचंच. संशय असेल तर समोर बसवून विचारावं, एवढी हिंमत हवी.

रानजाई

आणि ते समोर बसवून विचारायला बैठक लागते, तिचे नियम लागतात. त्यांना तुम्ही वेळेचा अपव्यय म्हणता.

दगडवाट

बैठक घ्या, पण संपण्याची वेळ ठरवून. आणि मुदतीची कामं असतील तेव्हा सहमती झाली नाही तर हात वर करून मोजा. एवढं केलंत तर तुमच्या तक्त्याविरुद्ध मी बोलणार नाही. मानधनाला मात्र माझा विरोध आहे आणि राहील.

वर्गणीवही

मग त्या मोलमजुरी करणाऱ्या बाईला तुम्हीच जाऊन सांगा की तिचा बुडालेला रोज हा तिचा त्याग आहे. गेल्या खेपेला मी सांगायला गेले होते. तिने माझ्यासमोर दार लावून घेतलं. वर्गणीत शिल्लक आहे, पुढच्या बैठकीत ठराव मांडणार आहे: ज्याचा रोज बुडतो त्याला तेवढा रोज. विरोध करायचा तर तिथे येऊन, तिच्यासमोर करा.