जुन्या एसयूव्हीचा पुढचा बंपर डावीकडे बसतच नाही, सुरुवात कुठून करू?

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. गाडी जुनी आहे, लॅडर फ्रेमवाली एसयूव्ही, सेकंड हँड घेतलेली. इंजिन, गिअर, एसी सगळं ठणठणीत, पण पुढचा बंपर काही केल्या सरळ बसत नाही. उजवीकडे बंपर आणि फेंडर अगदी चिकटलेत आणि डावीकडे चाकाच्या कमानीजवळ बोट जाईल एवढी फट आहे, तो कोपरा बाहेर आलाय. समोरून बघितलं की बंपर डावीकडे किंचित वर चढल्यासारखा दिसतो. स्पीड पकडला की तो कोपरा फडफडतो. आधी कोणीतरी तिथे सरळ फेंडरमधून स्क्रू मारलाय, त्याच्याभोवती गंज धरलाय. गॅरेजमध्ये दाखवलं तर म्हणाले बंपर वाकलाय, नवीन टाका. क्लिपा बदलून पाहिल्या, फरक शून्य. नुसतं दिसायचं असतं तर सोडून दिलं असतं पण कोपरा सुटून टायरला लागेल अशी भीती वाटते. माझ्याकडे पान्यांचा सेट, जॅक, स्टँड आहे, वेल्डिंग नाही. घरी होण्यासारखं आहे का? आणि हो, डाव्या हेडलाइटच्या वर बोनेटशी जी फट आहे ती पण उजवीपेक्षा जरा जास्त वाटते, त्याचा याच्याशी काही संबंध असेल तर सांगा.

सैल_नट
नवीन बंपर एवढ्यात घेऊ नका. आपण ज्याला बंपर म्हणतो ते बाहेरचं प्लास्टिक म्हणजे नुसतं कातडं असतं, त्याला स्वतःची ताकद नसते, ते ज्याला टांगलंय ते जिथे जाईल तिथे हे जातं. नवीन आणलं तरी त्याच वाकड्या जागी टांगलं जाणार आणि फट तशीच राहणार.

काही खोलायच्या आधी एक करून बघा. गाडी सपाट जमिनीवर, चारी टायरची हवा सारखी. डाव्या कोपऱ्यावर तळहात ठेवून फेंडरकडे हळूहळू दाबा. सहज जाऊन बसला आणि हात काढल्यावर परत बाहेर आला तर साइडचं ब्रॅकेट किंवा त्याचे कान गेलेत. जोर लावूनही आत जात नसेल, मागे काहीतरी टेकतंय असं हाताला कळत असेल, तर भानगड आत आहे, बीम (प्लास्टिकमागची आडवी लोखंडी पट्टी) किंवा त्यावर बसवलेला फोम. हा फरक आधी कळला की अर्धं काम झालं.

मग स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, चाकाच्या कमानीतला प्लास्टिक लाइनर पुढून सोडा, बऱ्याच गाड्यांना १० च्या पान्याचे बोल्ट किंवा फिलिप्स स्क्रू आणि दाबायच्या क्लिपा असतात, काहींना स्टार पाना लागतो. टॉर्च मारून फेंडरच्या कडेला आतून बघा, एक लांबट प्लास्टिकची पट्टी दिसेल, हेच ते साइडचं ब्रॅकेट, तिच्या खाचांमध्ये बंपरची कड अडकते. जुन्या गाड्यांत हीच पट्टी ठिसूळ होऊन तुटते. तुमच्या केसमध्ये स्क्रू मारलाय म्हणजे तुटलेलीच असणार असं वाटतं. डाव्या-उजव्या पट्ट्या वेगळ्या असतात, बघून घ्या.

रस्सीखेच
मी तर म्हणेन एवढा खटाटोप कशाला, कोपऱ्याला आतून झिप टाय मारून फेंडरच्या बोल्टला ओढून बांधा, बाहेरून दिसत पण नाही. जुनी गाडी आहे, शोरूम फिनिश कोण बघतंय.

सैल_नट
@रस्सीखेच भाऊ, घरापर्यंत जायला झिप टाय ठीक आहे, कायमचा नको. प्लास्टिक उन्हात फुगतं आणि थंडीत आकसतं, पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त, एवढ्या रुंद बंपरला दोन-तीन मिलीमीटर सहज हलावं लागतं, म्हणूनच कंपनीने कडेला सरकणाऱ्या खाचा आणि लंबगोल भोकं दिलेली असतात. ओढून बांधलं की ते हलायची सोय जाते आणि ताण हेडलाइटखालच्या बारीक पट्टीवर येतो, तिथेच चीर जाते. स्क्रूचं तर त्याहून वाईट, फेंडरला भोक पाडलं की उघड्या पत्र्याला आतून गंज लागणारच, तो लागलेला दिसतोच आहे वर.

चासीवाला
डोंगरवाट, तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय ना, हेडलाइट आणि बोनेटमधली फट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. नुसतं ब्रॅकेट तुटलं असतं तर बोनेटची फट कशाला बदलेल?

लॅडर फ्रेमची गाडी म्हणजे खाली चासी आणि वर वेगळी बॉडी, दोघांच्या मध्ये रबरी बॉडी बुश. बंपरच्या आतला लोखंडी बीम चासीच्या पुढच्या टोकांना बोल्ट केलेला. पण बाहेरच्या प्लास्टिकची वरची कड आणि दोन्ही बाजू बॉडीला, म्हणजे रेडिएटर सपोर्ट (रेडिएटर धरणारी बॉडीची पुढची चौकट) आणि फेंडरला धरलेल्या. म्हणजे हे एक प्लास्टिक दोन मालकांच्या मध्ये अडकलंय. आता रेडिएटर सपोर्टखालचा पुढचा डावा बुश दबला किंवा त्याचा चुरा झाला की बॉडीचं नाक तिथे खाली येतं, हेडलाइट त्याच्याबरोबर खाली येतो, बोनेट मागून बिजागरीवर टांगलेलं असल्यामुळे तेवढं येत नाही, म्हणून ती फट वाढते. बीम मात्र चासीवर आहे तिथेच. मग बीमवरचा फोम प्लास्टिकला आतून वर आणि बाहेर ढकलतो, कोपरा सुटतो, आणि बघणाऱ्याला वाटतं बंपर वाकलाय.

तपासायला दोन गोष्टी. एक, दोन्ही पुढच्या बुशपाशी चासीचा वरचा पत्रा ते बॉडीचा खालचा पत्रा हे अंतर टेपने मोजा, डावं-उजवं सारखं यायला पाहिजे. दुसरी, इंजिनवर बसलेला पंखा असेल तर (इलेक्ट्रिक असेल तर हे सोडा) इंजिन बंद आणि थंड असताना पंख्याची पाती आणि त्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं यातली फट वर किती, खाली किती बघा. पंखा इंजिनबरोबर चासीवर, कडं रेडिएटरबरोबर बॉडीवर. बॉडी खाली बसली की वरची फट कमी होते. उलट खालची फट कमी असेल तर इंजिन माउंटिंग बसलंय, तो वेगळा विषय.

हे झालं की बंपर उतरवून बीम बघा. उतरवायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोडा वेळ थांबा, एअरबॅगचे पुढचे सेन्सर सहसा त्याच भागात असतात, आणि तिथे हातोडी अजिबात चालवायची नाही. बीम आणि चासीच्या मध्ये पातळ पत्र्याचे डबे असतील तर त्यांना सुरकुत्या पडल्यात का, रंग तडकलाय का, नीट बघा. तो डबा धडकेत चेपण्यासाठीच दिलेला असतो. एकदा चेपला की ओढून सरळ करून परत लावायचा नाही, बदलायचा. यात काटकसर नको, पुढे माणसं बसतात.

बीमची डावी-उजवी टोकं एकाच पक्क्या जागेपासून मोजा, म्हणजे समजा चासीवरचं एखादं कंपनीचं भोक, दोन्हीकडे तेच भोक. तिरकं अंतर पण घ्या, डाव्या भोकापासून उजवं टोक आणि उजव्या भोकापासून डावं टोक. ते जुळलं नाही तर चासीचं टोकच सरकलंय आणि ते फ्रेम ओढायच्या मशीनशिवाय होत नाही, घरी हात लावू नका.

डोंगरवाट
बापरे, बुशचं डोक्यातच आलं नव्हतं. सगळं खोललं, जे दिसलं ते लिहितो.

हाताने दाबून बघितलं तर कोपरा निम्मा आत गेला आणि मग टेकला. साइडची पट्टी तुटलेली निघाली, तीनपैकी दोन कान गायब. फोम बीमवर नीट बसलेलाच नव्हता, डावं टोक बीमच्या खाली घसरून अडकलं होतं, त्यामुळेच टेकत असणार. डावा बुश बघून तर वाईट वाटलं, रबराचे थर सुटे झालेत, बोटाने कुरतडलं तर काळी पूड पडते, आणि खालची वाटीसारखी चकती गंजून कागदासारखी झाली आहे. चासी ते बॉडी अंतर डावीकडे ८ मिलीमीटर कमी. पंख्याची फट वर कमी आहे, खाली जास्त. डबे दोन्ही ठीक आहेत, सुरकुत्या नाहीत, तिरकी मापं जुळतात. फक्त बीमचं डावं टोक उजव्यापेक्षा थोडं मागे आहे, ४ मिलीमीटरच्या आसपास.

आता बुश घरी बदलता येईल का? आणि त्या ४ मिलीमीटरचं काय करू? बंपरचा डावा कोपरा पण स्क्रूपाशी चिरलाय.

चासीवाला
मापं छान घेतलीत. डबे शाबूत आणि तिरकी मापं बरोबर म्हणजे चासी सरळ आहे, मोठी गोष्ट आहे ही. ४ मिलीमीटर बहुतेक बोल्टच्या भोकातल्या ढिलाईतच सापडेल. बीमचे बोल्ट जिथे आवळले होते तिथे वायसरचा गोल ठसा उमटलेला असतो. जुना ठसा एकीकडे आणि आत्ताचा वायसर दुसरीकडे असेल तर कोणीतरी आधी खोलून तसाच आवळलाय. सैल करा, जुन्या ठशावर आणा, परत मोजा. तरी उरलं तर बीमचा पाय आणि चासीच्या प्लेटमध्ये जाड लोखंडी वायसर घालून पुढे आणता येतं, पण नटमध्ये आटे पुरेसे धरतायत ना ते बघा, आणि एक-दोन वायसरच्या पुढे जाऊ नका.

बुश घरी होतो पण घाई नको. आदल्या दिवशीपासून बोल्टला गंज सोडवायचं तेल मारत राहा. पुढचे दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना ठेवला तर परत तिरकं बसणार. एका वेळी एकच बाजू करा. त्या बाजूच्या मागच्या एक-दोन बुशचे बोल्ट थोडे सैल करा, काढू नका. गाडी चासीखाली स्टँडवर, आणि जॅकवर लाकडाचा जाड तुकडा ठेवून बॉडी रेडिएटर सपोर्टच्या बुशजवळच्या मजबूत जागी उचला, फक्त बुश निघेल इतकीच. उचलताना एकाने वर बघत राहायचं, पंख्याचं कडं पात्यांना लागतंय का, रेडिएटरचे पाइप ताणतायत का, बॉडी-चासीमधली अर्थची वायर ताणली जातेय का. बोट मध्ये घालायचं नाही, जॅक सरकला तर वेळ मिळत नाही.

जुना बोल्ट फिरतोय पण निघत नाही असं झालं तर आतला वेल्ड केलेला नट सुटलाय, तिथे थांबा आणि वेल्डिंगवाल्याकडे न्या. आणि बुशची बसायची जागा गंजून पातळ झाली असेल तर नवा रबर टाकून उपयोग नाही, आधी तो पत्रा दुरुस्त करावा लागेल. स्क्रू ड्रायव्हरने ठोकून बघा, आवाज ठस्स येतोय की टोक आत जातंय.

निळी_टाकी
चिरेबद्दल मी सांगतो, प्लास्टिकचंच काम करतो. बंपरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचं नाव उठावात लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा पीपी किंवा पीपी आणि ईपीडीएम असं. पीपी असेल तर साधा फेविक्विकसारखा गोंद त्यावर टिकत नाही, दोन दिवसांत सुटतो. त्याच प्लास्टिकची काडी वापरून वेल्ड करायचं. आधी चिरेच्या टोकाला छोटं गोल भोक पाडा म्हणजे ती पुढे जात नाही, मग आतल्या बाजूने व्ही आकाराची खाच करून काडी वितळवत भरा, मागून स्टीलची बारीक जाळी दाबली तर अजून मजबूत. रंग मारायच्या आधी प्लास्टिकचा प्रायमर हवाच, नाहीतर पापुद्रे निघतात.

इतकी वर्षं वाकडा टांगलेला कोपरा आता त्याच आकारात सेट झालेला असेल. सगळं नीट बसवूनही थोडा बाहेर राहिला तर हीट गनने आतल्या बाजूने, सतत हलवत, हाताला लवचिक लागेपर्यंत गरम करा, आकारात धरा आणि ओल्या फडक्याने थंड होईपर्यंत सोडू नका. एका जागी गन धरली की रंगाला फोड येतात.

सैल_नट
बसवताना क्रम महत्त्वाचा आहे. सगळे बोल्ट आधी नुसते पकडवा, एकही आवळू नका. दोन्ही साइडच्या पट्ट्यांत कड सरकवा, खट्ट असा आवाज यायला पाहिजे, आला नाही तर बसलं नाही. मग वरचे मधले, मग खालचे. थोडं मागे जाऊन दोन्ही हेडलाइटखालची फट बघा. बऱ्याच गाड्यांना ३ ते ५ मिलीमीटर चालते, पण दोन्हीकडे सारखी हवी. मग मधून सुरू करून एकदा डावा एकदा उजवा असं आवळत जा. प्लास्टिकमधले स्क्रू हाताच्या जोरानेच, मशीनने नको.

फोम बसवताना त्याच्या खाचा बीमवर बसल्यात याची खात्री करा, नाहीतर तो परत घसरेल. आणि फेंडरचं ते स्क्रूचं भोक विसरू नका, गंज घासून, गंजरोधक प्रायमर मारून बुजवा.

डोंगरवाट
झालं! नट सुटले नाहीत हे नशीब, जागेचा पत्रा पण घट्ट निघाला. दोन्ही बुश नवे टाकल्यावर बोनेटची फट आपोआप सारखी झाली, बंपर अजून लावला पण नव्हता. वायसरचे ठसे खरंच सरकलेले होते, तिथे आणल्यावर बीम बरोबर, वायसर घालावाच लागला नाही. नवी साइड पट्टी, फोम जागेवर, कोपरा आतून वेल्ड केला. आता डावीकडे आणि उजवीकडे फट जवळजवळ सारखी, कोपऱ्याला थोडीशी उष्णता द्यावी लागली. स्पीडला फडफड अजिबात नाही. चासीवाले दादा, तुमच्यामुळे नवीन बंपरचा खर्च वाचला, मनापासून आभार.

एकच विचारायचंय, रात्री गाडी काढली तर डावा हेडलाइट वर मारतोय असं वाटतं, समोरचे डिपर देतात.

चासीवाला
बरोबरच आहे ते. बॉडी डावीकडे खाली होती तेव्हा कोणीतरी त्या हिशोबाने लाइट वर करून ठेवला असणार, आता नाक वर आलं म्हणून तो जास्त वर जातोय. सपाट जमिनीवर भिंतीसमोर गाडी उभी करा, लो बीम लावा, दोन्ही हेडलाइटच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर चिकटपट्टीने खूण करा. उजेडाची वरची कड त्या खुणेच्या थोडी खाली आणि दोन्हीकडे सारखी यायला पाहिजे. नेमकं किती खाली ते गाडीच्या पुस्तकात किंवा हेडलाइटजवळच्या स्टिकरवर दिलेलं असतं. हेडलाइटच्या मागे उंचीचा स्क्रू असतो, अर्धा फेरा फिरवून बघा, मग परत भिंत बघा. डॅशबोर्डवर लेव्हलचं चाक असेल तर ते आधी शून्यावर आणा. आणि थोडी गाडी चालली की बुशचे बोल्ट एकदा परत तपासा, नवा रबर बसला की ते किंचित सैल होतात.